माझगावात घडलेले 'गिरी'

भायखळ्याहून पूर्वेला वळलं की माझगाव लागतं. हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन, आसपासची दुकानं, मालाच्या ट्रकांची वर्दळ आणि त्यापलीकडे उंच कुंपणभिंत. भिंतीच्या आत माझगाव डॉक. रस्त्यावरून दिसतात त्या फक्त क्रेन. त्यांतली सगळ्यात मोठी, दोन पायांवर उभी असलेली गोलायथ क्रेन एका वेळी ३०० टन उचलते. आत काय चाललंय याचा बाहेर फारसा पत्ता लागत नाही, आणि लागू नये अशीच व्यवस्था आहे. म्हणूनच असेल, मुंबईच्या उद्योगाचा इतिहास सांगताना आपण गिरण्या सांगतो, गोदी सांगतो, सिनेमा सांगतो. या भिंतीआड भारतीय नौदलाच्या फ्रिगेटांच्या चार पिढ्या बांधल्या गेल्या, हे सांगायचं राहून जातं.

या प्रकरणात त्या चारांपैकी पहिली आणि चौथी पिढी मुख्य आहे. दोन्हींच्या आघाडीच्या नौकेचं नाव एकच: निलगिरी. पहिली १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली, दुसरी १५ जानेवारी २०२५ ला. दोन्ही वेळी परदेशी जहाजबांधणी कंपन्यांचा हात धरला गेला. पण पहिल्या वेळी आपण त्यांच्याकडून जहाज कसं असावं हे घेतलं, आणि दुसऱ्या वेळी जहाज कसं जुळवावं हे. या दोन खरेद्यांमध्ये ५० वर्षांचं शिक्षण आहे, आणि मला वाटतं, स्वावलंबनाच्या घोषणांपेक्षा ते शिक्षण कसं झालं हे समजून घेणं जास्त मोलाचं आहे.

आधी फ्रिगेट म्हणजे काय, ते थोडक्यात. विनाशिकेपेक्षा लहान आणि कॉर्व्हेटपेक्षा मोठी अशी ही युद्धनौका. ताफ्याबरोबर किंवा व्यापारी जहाजांबरोबर राहायचं, पाणबुड्या हुडकायच्या, विमानं आणि क्षेपणास्त्रं अडवायची, गरज पडली तर शत्रूच्या जहाजावर मारा करायचा, ही तिची कामं. एकाच कामात सर्वश्रेष्ठ असण्यापेक्षा सगळी कामं नीट करता येणं तिच्याकडून अपेक्षित असतं. त्यामुळे थोड्या जागेत फार गोष्टी बसवाव्या लागतात, आणि बांधणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

मुंबईत परदेशी आराखड्यावर फ्रिगेट बांधण्याची गोष्ट मात्र १९६० च्या दशकात सुरू झालेली नाही. ती आणखी दीडशे वर्षं जुनी आहे. ब्रिटिश आरमारानं १७८२ मध्ये 'एबे' नावाचं एक फ्रेंच फ्रिगेट पकडलं. त्याची ठेवण त्यांना इतकी आवडली की पुढे त्याच धर्तीवर 'लीडा' वर्गाची जहाजं बांधली गेली. त्या वर्गातली एक नौका मुंबईच्या गोदीत बांधायचं ठरलं. तिचे नकाशे लंडनहून 'जावा' या युद्धनौकेवरून पाठवले. वाटेत, १८१२ च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' नौकेनं 'जावा'चा पराभव केला आणि नकाशे तिच्याबरोबर गेले. दुसरा संच यायला वेळ लागला. शेवटी जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानात, ते जहाज उभं राहिलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं. त्याचं नाव 'ट्रिंकोमाली'. ठेवण फ्रेंच, नकाशे इंग्रजी, लाकूड मलबारचं, हात मुंबईचे. आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ते पाण्यावर तरंगत ठेवलेलं आहे, आणि दोनशे वर्षांनंतरही त्याचं सागवान टिकून आहे.

लाकडाची जागा लोखंडानं आणि शिडांची जागा वाफेनं घेतली तेव्हा मुंबईकडून हे काम सुटलं. इथे उरली ती मुख्यतः दुरुस्ती. माझगावला १७७४ पासून एक लहान सुकी गोदी होती. पुढे ती पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपन्यांच्या ताब्यात गेली. १९३४ मध्ये माझगाव डॉक लिमिटेड या नावानं रीतसर कंपनी झाली. १९६० मध्ये भारत सरकारनं ती कंपनी विकत घेतली. तोवर तिथे जहाजांची डागडुजी होत होती आणि लहान बोटी बांधल्या जात होत्या. आधुनिक युद्धनौका तिथे कुणी बांधलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं नौदलानं फ्रिगेटं ब्रिटनकडून तयारच घेतली. 'तलवार', 'त्रिशूल', 'ब्रह्मपुत्रा', 'बियास', 'बेटवा' आणि ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह बुडालेली 'खुकरी', या सगळ्या ब्रिटिश गोद्यांत बांधलेल्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सैन्याच्या तिन्ही दलांची फेरमांडणी सुरू झाली, आणि १९६४ मध्ये ते लंडनला गेले तेव्हा चर्चेच्या विषयांत हाही एक होता की आता फ्रिगेटं मुंबईत बांधायची. ब्रिटिश सरकारनं कर्ज देऊ केलं. व्हिकर्स आणि यॅरो या दोन कंपन्या भागीदार झाल्या. आराखडा ठरला लिअँडर वर्गाचा.

निवड चांगली होती. ब्रिटिश आरमारात पहिली 'लिअँडर' १९६३ मध्ये आलेली, म्हणजे आराखडा ताजा होता. ब्रिटननं स्वतःसाठी या वर्गाच्या २६ नौका बांधल्या. हॉलंडनंही त्याच आराखड्यावर आपल्या गोद्यांमध्ये सहा बांधल्या. माझगावपुढचा प्रश्न असा की जहाज बांधायचं आणि ज्या गोदीत बांधायचं ती गोदीही वाढवायची, अशी दोन्ही कामं एकाच वेळी करायची होती. १९६६ च्या ऑक्टोबरात 'निलगिरी'ची कील बसवली. २३ ऑक्टोबर १९६८ ला पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते जलावतरण झालं. ३ जून १९७२ ला ती नौदलात दाखल झाली. लांबी ११३ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे ३,००० टन, दोन बॉयलर, वाफेच्या टर्बाइनमधून ३०,००० अश्वशक्ती.

नकाशे हातात आले म्हणजे जहाज हातात आलं, असं होत नाही. त्या काळी जहाजाच्या कवचाच्या वक्ररेषा लॉफ्ट नावाच्या दालनाच्या जमिनीवर पूर्ण आकारात आखायची पद्धत होती. त्यावरून लाकडी साचे करायचे, साचा पोलादी पत्र्यावर ठेवून खडूनं रेघ मारायची, पंचाचे ठोके देऊन ती पक्की करायची, मग कापायचं. पत्रा रोलिंग मशीनमध्ये एका दिशेला वाकतो. पण जहाजाच्या नाकाजवळचा पत्रा दोन दिशांना वाकलेला असतो. तो गॅसच्या ज्योतीनं ठरावीक रेघांवर तापवायचा, पाणी मारून थंड करायचा. जिथे तापला तिथे तो आकसतो आणि हळूहळू हवा तो बाक येतो. रेघ कुठे मारायची, किती तापवायचं, हे नकाशात लिहिलेलं नसतं. ते शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. वेल्डिंगचंही तसंच. शिवण थंड होताना आकसते आणि पत्र्याला ओढून घेते. कुठल्या क्रमानं शिवणी मारल्या तर ओढ एकमेकींना तोलून धरेल, हे ज्याला कळतं तो चांगला वेल्डर. व्हिकर्स-यॅरोशी झालेल्या कराराचं खरं मोल मला इथे दिसतं. कागद सगळ्यांना मिळाला असता. कागदाचं पोलाद करणारी पहिली पिढी माझगावला 'निलगिरी'वर तयार झाली.

हे खरं की नाही, ते पुढच्या नौकांवरून पाहता येतं. 'हिमगिरी' १९७४, 'उदयगिरी' १९७६, 'दुनागिरी' १९७७, 'तारागिरी' १९८०, 'विंध्यगिरी' १९८१. सहाही जणी एका आराखड्याच्या, पण एकसारख्या नाहीत. दुसरीपासून डच बनावटीचं रडार आलं. शेवटच्या दोघींमध्ये तर मागचा भागच बदलला. मूळ लिअँडरवर लहान हेलिकॉप्टर मावायचं. पाणबुडीचा माग काढायचा तर पाण्यात सोनार सोडून बसणारं, टॉर्पेडो वाहणारं मोठं हेलिकॉप्टर हवं. म्हणजे सी किंग. एवढ्याशा डेकवर सी किंग बसवायचं म्हणून दुर्बिणीसारखं आत-बाहेर सरकणारं हँगर केलं आणि हेलिकॉप्टर खाली ओढून धरणारी यंत्रणा बसवली. परवान्यावर बांधणारी गोदी दिलेल्या आराखड्याला हात लावायला घाबरते. माझगावनं पाचव्या नौकेपर्यंत त्याला हात लावला होता.

'गोदावरी' हे त्याच्या पुढचं पाऊल, आणि माझ्या मते भारतीय जहाजबांधणीतला सगळ्यात धाडसी निर्णय. नौदलाला एका फ्रिगेटवर दोन सी किंग हवी होती आणि जोडीला सोव्हिएत क्षेपणास्त्रं. असं जहाज बाजारात नव्हतं. नौदलाच्या स्वतःच्या अभिकल्प विभागानं लिअँडरचीच वाफेची यंत्रणा घेतली आणि तिच्याभोवती १२६ मीटरचं नवं, मोठं जहाज रेखाटलं. जहाज मोठं झालं, इंजिन तेच, तरी वेग अगदी थोडाच कमी झाला. कारण कवचाची ठेवण नीट अभ्यासली होती. डोकेदुखी दुसरीकडेच होती. ब्रिटिश पद्धतीच्या जहाजावर वीज ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झची. सोव्हिएत यंत्रणा वेगळ्या व्होल्टेजवर आणि वेगळ्या कंपनसंख्येवर चालायच्या. एका देशाचं रडार दुसऱ्या देशाच्या क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवणार, मध्ये तिसऱ्या देशाचा संगणक. शीतयुद्धाच्या दिवसांत हे देश एकमेकांशी बोलायलाही तयार नव्हते. त्यांची यंत्रं माझगावच्या एका जहाजात एकमेकांशी बोलायला लागली. 'गोदावरी' १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आली, मागोमाग 'गंगा' आणि 'गोमती'.

याच वर्षांत भिंतीबाहेर काय घडत होतं, तेही पाहायला हवं. 'विंध्यगिरी' नौदलात आली ८ जुलै १९८१ ला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसं कामावरून उतरली. लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी इथल्या चाळींमध्ये गिरणीची शिफ्ट आणि गोदीची शिफ्ट शेजारी-शेजारी नांदत आली होती. त्यातली एक बाजू कोसळली. गिरणगावाच्या नुकसानीचा हिशेब आपण मजुरीत आणि जमिनीत मांडतो. पण गिरणी ही यंत्राची शाळाही होती. फिटर, टर्नर, बॉयलर अटेंडंट, लाइन जॉबर यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समज तिच्याबरोबर विखुरली. मध्य मुंबईत हातानं यंत्र शिकायच्या ज्या जागा त्यानंतर उरल्या, त्यांत माझगाव डॉकची प्रशिक्षणशाळा ही एक. आयटीआय करून तिथे अप्रेंटिस लागणं ही या भागातल्या घरांत आनंदाची बातमी असायची, ती उगाच नाही.

कसब टिकायचं तर काम चालू राहावं लागतं. याचा पुरावा याच गोदीत आहे, आणि तो कडू आहे. ११ डिसेंबर १९८१ ला जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी पाणबुड्यांचा करार झाला: दोन तिथल्या कील शहरात बांधायच्या, दोन माझगावात. माझगावच्या 'शल्की' आणि 'शंकुल' १९९२ आणि १९९४ मध्ये तयार झाल्या. पाणबुडीचं दाबरोधक कवच वेल्ड करणं हे जहाजबांधणीतलं सगळ्यात कडक काम. त्यासाठी माणसं खास तयार केली होती. पण १९८७ पासून त्या सौद्यावर दलालीचे आरोप झाले आणि पुढच्या पाणबुड्या रद्द झाल्या. ती माणसं निवृत्त झाली, पांगली. २००५ मध्ये फ्रेंच कंपनीशी स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा माझगावला बरंच पहिल्यापासून शिकावं लागलं, आणि त्यातली पहिली 'कलवरी' यायला २०१७ उजाडलं. फ्रिगेटांच्या बाजूला असा खंड पडला नाही. 'गोमती'नंतर त्याच माणसांना 'दिल्ली', 'मैसूर' आणि 'मुंबई' या विनाशिका मिळाल्या, मग शिवालिक वर्ग. चौकशी करायची ती झालीच पाहिजे. पण चौकशीच्या नावाखाली भट्टी विझवली तर ती पुन्हा पेटवायला किती वर्षं लागतात, हे या एका गोदीत दोन बाजूंना पाहायला मिळतं.

शिवालिक वर्ग म्हणजे प्रकल्प १७. 'शिवालिक', 'सातपुडा' आणि आपल्या घरची 'सह्याद्री'. इथे वाफ संपली, गॅस टर्बाइन आणि डिझेल आलं. रडारला कमी दिसावं म्हणून बाजू तिरक्या झाल्या. पोलादाची वेगळी अडचण होती: युद्धनौकेसाठी लागणारं पोलाद तोवर रशियाकडून यायचं. हैदराबादच्या डीआरडीओच्या धातुप्रयोगशाळेनं 'डीएमआर २४९ ए' हे पोलाद विकसित केलं, सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यात ते ओतलं गेलं, आणि तेव्हापासून आपल्या नौका घरच्या पोलादाच्या झाल्या. पण वेळ फार लागला. 'शिवालिक'चं जलावतरण एप्रिल २००३ मध्ये झालं आणि ती नौदलात आली एप्रिल २०१० मध्ये. जहाज पाण्यात उतरल्यावर सात वर्षं.

ही सात वर्षं कशात गेली, हे कळलं की नव्या निलगिरी वर्गाची, म्हणजे प्रकल्प १७ अ ची, सगळी मांडणी कळते.

जुन्या पद्धतीत स्लिपवेवर, म्हणजे पाण्याकडे उतरणाऱ्या घसरणीवर, आधी पोलादी कवच उभं करायचं, ते पाण्यात ढकलायचं आणि मग धक्क्याला बांधून आतलं काम सुरू करायचं. म्हणजे घर पूर्ण बांधून, गिलावा करून, मग भिंती फोडून नळ आणि वायरी घालण्यासारखं. युद्धनौकेच्या आत पाइप, केबल आणि हवेच्या नळांचं जाळं असतं. अरुंद कप्प्यात एकाच वेळी वेल्डर, पाइप फिटर आणि इलेक्ट्रिशियन. पाइपवाल्यानं जागा घेतली की केबलवाल्याला वाट उरत नाही. मग कापा, काढा, पुन्हा बसवा. सगळं वजन अंगावरून शिडीनं आत न्यायचं. छताची शिवण मारताना वेल्डर डोक्यावर हात करून, ठिणग्या अंगावर घेत काम करतो. अशी शिवण हळू होते आणि तपासणीत जास्त वेळा नापास होते.

नव्या पद्धतीत जहाज आधी संगणकावर पूर्ण उभं केलं जातं, शेवटच्या पाइपच्या वळणापर्यंत. मग त्याचे ठोकळे पाडले जातात. प्रत्येक ठोकळा शेडमध्ये स्वतंत्र बांधायचा, आणि सोयीचं असेल तेव्हा उलटा बांधायचा: छत खाली, मजला वर. म्हणजे जी शिवण डोक्यावर मारावी लागली असती ती आता खाली बघून मारता येते. ठोकळा उलटा असतानाच छताखालचे पाइप, केबलचे ट्रे, हवेचे नळ बसवून घ्यायचे. मग क्रेननं तो सुलटा करायचा, स्लिपवेवर न्यायचा आणि शेजारच्या ठोकळ्याला जोडायचा. माझगावची ती ३०० टनांची गोलायथ क्रेन आणि तिच्या शेजारची मोठी वर्कशॉप याचसाठी उभारली गेली. काही ठोकळे तर गोदीबाहेर, दुसऱ्या ठिकाणी बांधून आणून इथे जोडले गेले.

ऐकायला सोपं वाटतं; अडतं ते मापावर. दोन ठोकळे वेगवेगळ्या शेडमध्ये, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या महिन्यांत बांधलेले. ते समोरासमोर आले की शेकडो पाइपांची तोंडं एकमेकांसमोर यायला हवीत, काही मिलिमीटरच्या फरकानं. वेल्डिंगनं पोलाद आकसतं, हे आपण वर पाहिलं. तेव्हा प्रत्येक ठोकळा किती आकसेल याचा आधीच हिशेब करून पत्रा तेवढा वाढवून कापायचा. कुठला पाइप कुठल्या टप्प्यावर बसवायचा, कुठला मुद्दाम शेवटपर्यंत मोकळा ठेवायचा, कुठलं सामान गोदीत कधी पोचलं पाहिजे, याचा सगळा क्रम आधीच बांधावा लागतो. एका खोलीचा पंप उशिरा आला तर तो पूर्ण ठोकळा अडतो.

हे ज्ञान घ्यायला या वेळी इटलीच्या फिनकांतिएरी कंपनीला घेतलं. २०१५ च्या फेब्रुवारीत सात नौकांचा करार झाला: चार माझगावला, तीन कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीला, एकूण खर्च सुमारे ४५,००० कोटी. पुढच्या वर्षी दोन्ही गोद्यांसाठी फिनकांतिएरी ही तंत्रभागीदार ठरली. ही काही लहान कंपनी नव्हे. फ्रान्स आणि इटली यांनी मिळून जी 'फ्रेम' वर्गाची फ्रिगेटं बांधली, त्यातल्या इटालियन नौका तिच्या. आपल्या नौदलाची 'दीपक' आणि 'शक्ती' ही तेलवाहू जहाजंही तिनंच बांधलेली. पण मुद्दा असा की 'निलगिरी'चा आराखडा फिनकांतिएरीचा नाही. तो नौदलाच्या युद्धनौका अभिकल्प विभागाचा, 'शिवालिक'वरून पुढे नेलेला. इटालियनांकडून बांधणीची पद्धत घ्यायची, प्रशिक्षण घ्यायचं आणि आपला तपशीलवार आराखडा त्या पद्धतीत बसतो का हे पारखून घ्यायचं, असा सौदा होता. १९६४ मध्ये आपल्याकडे विचारायला प्रश्नही नव्हते. २०१६ मध्ये नेमकं काय येत नाही हे ठाऊक होतं आणि तेवढंच विकत घेतलं.

याच्या उलटी वाट अमेरिकेनं घेऊन पाहिली. त्यांनी एप्रिल २०२० मध्ये याच फिनकांतिएरीच्या अमेरिकेतल्या गोदीला 'फ्रेम'च्या आराखड्यावर आधारित फ्रिगेटं बांधायला दिली. तयार आराखडा घेतला की वेळ वाचेल, हा हिशेब होता. प्रत्यक्षात अमेरिकी नौदलाच्या अटींत बसवता बसवता आराखडा इतका बदलला की मूळ जहाजाशी साम्य फारसं उरलं नाही, आणि तो पूर्ण व्हायच्या आधीच पोलाद कापायला सुरुवात झाली. काम वर्षानुवर्षं लांबलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी पहिल्या दोन सोडून बाकीच्या नौका रद्द केल्या. एवढा पैसा आणि एवढा अनुभव असलेल्या देशाची ही गत पाहिली की माझगावनं काय साधलं याचं माप लागतं.

ते माप तारखांमध्येही आहे. नवी 'निलगिरी' २८ सप्टेंबर २०१९ ला पाण्यात उतरली आणि २० डिसेंबर २०२४ ला नौदलाच्या ताब्यात गेली: सव्वापाच वर्षं, त्यातली दोन करोनाची. नवी 'उदयगिरी' १७ मे २०२२ ला उतरली, १ जुलै २०२५ ला ताब्यात गेली: ३७ महिने. नवी 'तारागिरी' ११ सप्टेंबर २०२२ ते २८ नोव्हेंबर २०२५: जवळपास तेवढेच. 'शिवालिक'ची सात वर्षं आठवा. पाण्यात उतरतानाच 'तारागिरी'चं वजन सुमारे ३,५०० टन होतं, कारण आतलं बरंच काम आधी झालेलं होतं. एवढं वजन स्लिपवेवरून सोडायचं म्हणून आणखी एक युक्ती करावी लागली. जहाज मागच्या बाजूनं पाण्यात शिरतं; मागचा भाग तरंगायला लागला की सगळा भार पुढच्या टोकावर येतो. हा भार हलका करायला जहाजाखाली पाँटून, म्हणजे पोकळ तराफा, जोडून त्याच्या तरंगण्याचा आधार घेतला गेला.

नव्या 'निलगिरी'ची लांबी १४९ मीटर, वजन ६,६७० टन. जुन्या 'निलगिरी'च्या वजनाच्या दुपटीहून जास्त. सात जणींपैकी सहांना जुन्याच सहा लिअँडरांची नावं दिली आहेत. सातवी 'महेंद्रगिरी' नवी. जुन्यांचा शेवट वेगवेगळा झाला. 'निलगिरी' १९९६ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी क्षेपणास्त्राच्या चाचणीचं लक्ष्य बनून समुद्रात गेली. 'विंध्यगिरी' ३० जानेवारी २०११ ला मुंबई बंदरात एका व्यापारी जहाजाच्या धडकेनंतर पेटली आणि धक्क्यालाच बुडाली.

आता कशासाठी अजून दुसऱ्यांच्या दारात जावं लागतं, तेही स्पष्ट सांगायला हवं. या वर्गात सुमारे ७५ टक्के सामान देशी आहे असं नौदल सांगतं, आणि दोनशेहून अधिक लहान-मध्यम कारखान्यांना त्यातून काम मिळालं. उरलेले २५ टक्के मात्र जहाजाच्या छातीतले आणि डोळ्यांतले आहेत. मुख्य रडार इस्रायली. बराक क्षेपणास्त्र इस्रायलबरोबर आणि ब्राह्मोस रशियाबरोबर मिळून केलेलं. तोफ इटालियन आराखड्याची, हरिद्वारला भेलमध्ये बनलेली. गॅस टर्बाइन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची, तिचे भाग बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये जुळवले जातात. डिझेल इंजिन जर्मनीच्या मानचं. पोलाद आपलं, आराखडा आपला, बांधणी आपली, आणि जहाज हलवणारी ताकद बाहेरची. लढाईच्या काळात इंजिनाचा एक सुटा भाग परदेशातून येईना झाला तर धक्क्याला बांधून ठेवलेलं फ्रिगेट कामाचं नाही, म्हणून मला ही उणीव बाकी सगळ्यांपेक्षा मोठी वाटते.

गॅस टर्बाइनचा रस्ता लांबचा आहे. देशी 'कावेरी' विमान-इंजिनावरून केलेल्या सागरी टर्बाइननं विशाखापट्टणमच्या चाचण्यांत १२ मेगावॉट दिले. 'निलगिरी'ला लागणारी टर्बाइन त्याच्या दुपटीच्या आसपास ताकदीची आहे. डिझेलची बाजू तुलनेनं आवाक्यातली, आणि तिची जबाबदारी एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सकडे आली. ६ मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन नव्यानं रेखाटून बनवायचं, खर्च २७० कोटी, त्यातला ७० टक्के वाटा सरकारचा, आणि त्याच कामातून ३ ते १० मेगावॉटपर्यंतच्या इंजिनांचे आराखडेही तयार करायचे. शेतातल्या पंपांची आणि जनरेटरची इंजिनं बनवत आलेल्या कारखान्याला आता तेच काम समुद्रावर, कितीतरी मोठ्या मापात करायचं आहे.